मफीनचं वर्ष

आमच्या स्वयंपाकघरात दोनच आवाज होते, रगड्याचा आणि समुद्राचा. समुद्र माडांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होता आणि तो कधी थांबत नसे. म्हणूनच तो ऐकू येत नसे. आई रगड्यावर तांदूळ वाटायला बसली की त्या दगडाची जड, ओली घरघर घरभर पसरायची. वाटण संपून आईनं हात निथळवला की मग एकदम कळायचं, समुद्र आहे. लहानपणी मला वाटायचं, आई वाटत असताना समुद्रही थांबून ऐकतो. आता रगडा परसात नुसता पडलेला आहे, त्याच्या खळग्यात मांजर झोपतं, आणि समुद्र मला दिवसभर ऐकू येतो.

कुणकेश्वरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून माडांत उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर. तीन खोल्या, पुढे ओटी, मागे परस. बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेत ते पुस्तकातलं मराठी बोलत, आणि घराच्या पायरीवर चप्पल काढली की मालवणी. माझा मोठा भाऊ दादू, ज्याला मी दादा म्हणत असे, म्हणायचा की बाबांची भाषा चपलेत असते. मी धाकटी. माझं नाव नलिनी, पण त्या नावानं मला फक्त हजेरीत हाक मारली गेली. घरात नलू.

एका दिवसाआड आमच्याकडे आंबोळ्या व्हायच्या. आंबोळी म्हणजे आंबवलेल्या पिठाचं जाड, जाळीदार धिरडं; तांदूळ, थोडी उडदाची डाळ आणि मूठभर मेथी. त्याबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. सकाळी तांदूळ भिजत घालताना आई मापाला करवंटी वापरायची. वर्षानुवर्षं हाताळून ती करवंटी इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात खिडकी दिसायची. आणि आई आकडे मोजत नसे, माणसं मोजायची. करवंटी भरून पातेल्यात ओतताना म्हणायची, "ही तेंची," म्हणजे बाबांची. मग, "ही दादूची. ही नलूची." आणि शेवटी, जरा कमी भरून, "ही माझी." कुणी पाहुणा असला की त्याचं नाव घेऊन आणखी एक. शेजारणी हसायच्या. "गो, तांदूळ मोजतंस काय बारसा करतंस?" आई म्हणायची, "नाव घेतल्याशिवाय माका माप समजणा नाय."

बाबांना आंबोळ्या फार आवडत. गोडाला ते हात लावत नसत. सणाच्या दिवशी खिरीची वाटी ते हळूच दादाच्या पानाकडे सरकवायचे. पण आंबोळ्यांना मात्र अंत नसे. चुलीसमोर पाट घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "अजून एक घाल गो. तव्यार जागा आसा."

"तव्यार आसा," आई म्हणायची. "पोटात आसा काय तां बघा."

"पोट माझा, तवो तुझो. तू तुझा बघ."

हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असता तर मला झोपेतही कळलं असतं.

मफीनचा पत्रा आमच्या घरात आला तो आत्येमुळे. आत्ये मुंबईला असायची आणि मे महिन्यात येताना काहीतरी न लागणारं घेऊन यायची. त्या वर्षी तिनं जाड पत्र्याचं एक ताट आणलं, त्यात सहा खोल खळगे. "ह्येच्यात मफीन करतत," ती म्हणाली. आईनं विचारलं, म्हणजे काय? "ल्हान ल्हान केक." आईनं ताट उलटसुलट करून पाहिलं. आमच्याकडे भट्टी नव्हती, अंडी आणायची तर सोमवार सोडून आणायची, आणि केक हा प्रकार तिनं एकदाच कुणाच्या तरी लग्नात खाल्ला होता. आत्ये परत गेल्यावर त्या खळग्यांत मोहरी, जिरं, मेथी, हळद, हिंग आणि तिखट जाऊन बसलं. बाबा म्हणाले, "मुंबयचो मिसळणाचो डबो. झाकण आत्येकडेच रवला."

बाबा त्याच पावसाळ्याच्या शेवटी गेले. शाळेतून आले, ओटीवर बसले, पाणी मागितलं. आई पाणी घेऊन आली तोवर ते गेले होते. याहून जास्त मला त्याविषयी लिहिता येत नाही. साठ वर्षं झाली असतील, पण तांब्या अजून आईच्या हातातच आहे.

त्यानंतर घर शांत झालं असं लोक म्हणतात तसं काही झालं नाही. आवाज होते तेच होते. रगडा चालत होता, समुद्र होता, कोंबड्या होत्या. फक्त आई तांदूळ मोजताना नावं घेईनाशी झाली. पाठमोरी उभी राहून ती गुपचूप करवंट्या ओतायची. किती ओतते ते मी पाहिलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला ते पाहावंसं वाटण्याचं कारणही नव्हतं. मला फक्त आवाज आठवतो: तांदूळ पडल्याचा, मग थोडं थांबणं, मग पुन्हा पडल्याचा.

शाळेत माझ्याशी कुणी फारसं बोलत नसे. वाईट म्हणून नव्हे; मास्तरांची पोर, तिच्याशी काय बोलायचं हे कुणाला कळत नव्हतं. बाबांच्या खुर्चीवर नवीन गुरुजी आले होते. त्यांच्या डोक्यावरून दिसणारा नकाशा बाबांनी टांगलेला होता आणि तो एका कोपऱ्यात जरा तिरका होता. मी वर्षभर त्या कोपऱ्याकडे पाहत शिकले. मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन सुरंगीच्या झाडाखाली बसायचं ही सवय मला तेव्हा लागली, ती पुढे सुटली नाही. वाचणाऱ्या माणसाला लोक एकटं समजत नाहीत, एवढा एक त्याचा फायदा.

एके दिवशी आम्ही दोघं शाळेतून आलो तर घरभर गुळाचा वास होता. चुलीवर मोठं पातेलं, त्यात तळाला किनाऱ्यावरची वाळू, वर झाकण, आणि झाकणावर निखारे. आई बाजूला बसून निखारे सारखे करत होती. मसाले कागदाच्या पुड्यांत बांधून फळीवर ठेवलेले. तिनं झाकण उतरवलं तेव्हा आत्येच्या ताटात सहा तपकिरी, फुगलेले, मधोमध तडकलेले गोळे होते.

"आये, ह्यां काय?"

"तुझ्या आत्येन सांगलेला नाय? मफीन."

त्यातला एक पिवळाधमक होता. हळदीचा खळगा कितीही घासला तरी गेला नव्हता. दादानं झडप घातली. "पिवळो माझो!" आणि पहिला घास घेऊन त्यानं तोंड असं केलं की मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा निखाऱ्यांकडे पाहिलं.

ते मफीन कसे होते हे सांगणं मला वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. दुकानातल्या केकसारखे मऊ नव्हते. वरून जरा चिवट, आत ओलसर आणि भोकाभोकांचे. गूळ, नारळाचा रस, वेलची, हे सगळं जिभेला लगेच कळायचं. मग घास गिळल्यावर, सगळं गोड संपल्यावर, मागून एक बारीक कडवटपणा यायचा. नकोसा नव्हे. कुणीतरी खोलीच्या दारात येऊन काही न बोलता उभं राहावं तसा. दादा म्हणायचा, "आयेन गूळ करपवलो." आई ताट घासायला घ्यायची. पुढच्या खेपेलाही गूळ तसाच करपलेला असायचा, आणि त्याच्या पुढच्याही. आम्ही धरून चाललो की आईला गूळ वितळवता येत नाही.

त्या वर्षभर मफीन होत राहिले. कधी होणार ते सांगता येत नसे. आम्ही शाळेत असतानाच आई ते करायची. घराच्या वाटेला वळलं की मी वास घ्यायचे. आला तर धावायचे, नाही आला तर पुस्तक उघडून उरलेली वाट चालता चालता वाचायचे. त्या काळाचं दुसरं काही सुख मला आठवत नाही.

मग बाबांचं वर्षश्राद्ध आलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी. सगळं केळीच्या पानावर वाढून कावळ्यासाठी वाडी ठेवायची. दादानं पान परसात दगडावर नेऊन ठेवलं आणि आम्ही मागच्या दारात उभे राहिलो. तेवढ्यात आई आत गेली आणि हातात मफीन घेऊन आली. भटजींनी मान वर केली.

"वहिनी, ह्यां काय?"

"मफीन."

"तां दिसता माका. श्राद्धाक मफीन खंयच्या शास्त्रात आसा?"

"शास्त्रात वडे तरी खंय आसत," आई म्हणाली आणि मफीन वाडीच्या कडेला ठेवून आली.

दादा हळूच म्हणाला, "आये, बाबांनी कधी खाल्लेलो ह्यो? तेंका म्हायतसुद्धा नाय."

आई त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तेंच्या वाट्याचो आसा तो."

मला वाटलं, सगळ्यांना एकेक, तसा बाबांनाही एक. मी त्यावर पुढे विचार केला नाही.

कावळा बराच वेळ आला नाही. भटजी आभाळाकडे पाहत होते, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. शेवटी एक कावळा माडावरून उतरला. त्यानं आधी वडा ओढला. मग वाटाणे टिपले, एक एक, निवांतपणे. मग मफीनपाशी आला. चोचीनं त्याला एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, मान तिरकी करून पाहिलं, आणि तो तसाच टाकून दुसरा वडा घेऊन उडून गेला.

आणि आई हसली. पदर तोंडाशी नेण्याआधीच तिला हसू फुटलं. "बघलंस?" ती म्हणाली, दादाला की मला की आणखी कुणाला ते कळलं नाही. "बघलंस? गोड तसाच ठेवल्यान. गोड तेंका कधी आवडला?" हसता हसता ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि मग कितीतरी वेळ रडली. वर्षभरात तिला रडताना आम्ही पाहिलंच नव्हतं. भटजींनी पंचा सावरला आणि ते ओटीवर जाऊन बसले. मोठा समजूतदार माणूस होता.

त्यानंतर मफीन झाले नाहीत. वाटेवर मी रोज वास घ्यायचे आणि रोज पुस्तक उघडायचे. काही दिवसांनी मोहरी, जिरं, मेथी पुन्हा त्या खळग्यांत दिसू लागली तेव्हा मी विचारलं, "आये, मफीन कित्याक करूक नाय?"

ती तांदूळ भिजत घालत होती. म्हणाली, "वर्ष झाला मा आता." आणि करवंटी ओतून म्हणाली, "ही दादूची."

तिनं पुन्हा नावं घ्यायला सुरुवात केली आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. आधीचं पहिलं नाव तिनं घेतलं नाही, तेही आलं. त्या दोन्हींचा मफीनशी काही संबंध असेल हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

पुढे आम्ही मोठे झालो. दादा कुडाळला नोकरीला लागला, संसार केला. मी गावाजवळच्याच हायस्कुलात मराठी शिकवलं, लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. आईला मी एक-दोनदा विचारलं होतं ते मफीन कसे करायची म्हणून. "तां काय करूचा आसता," म्हणून ती दुसरं काही बोलू लागायची. त्यात गुपित राखण्याचा भाव नव्हता. एखाद्या आजारपणाविषयी माणूस बोलत नाही, तशी ती त्याविषयी बोलत नसे. मग आईही गेली.

वहिनी गेल्यावर, निवृत्त झालेला दादा या घरी परत आला. त्याच्या मुलानं बंगळूरहून आम्हाला विजेवरचा ओव्हन पाठवला, आणि तो उघडता उघडता दादाला मफीन आठवले. झालं. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतं, तसं आम्हा दोघांना ते लागलं. मैदा आणला, अंडी आणली, लोणी आणलं. पहिल्या खेपेचे मफीन इतके सुंदर फुगले की मी त्यांचा फोटो काढला. दादानं खाल्ला. हळूहळू चावला, डोळे मिटून.

"बरो झालो," म्हणाला. "पण ह्यो तो न्हय."

गव्हाचं पीठ घेतलं. रवा घेतला. तांदळाचं पीठ, ताक, सोडा, पिकलं केळं. गूळ मुद्दाम करपवला, आधी थोडा, मग इतका की दादा म्हणाला, "नलू, ह्यो मफीन काय कोळसो?" प्रत्येक खेपेला तो ताटली हातात घेऊन ओटीवर बसायचा, मी दारात उभी राहायचे, आणि वर्गात निकाल ऐकणाऱ्या पोरीसारखी मला धाकधूक व्हायची. "बरो आसा. पण तो न्हय." कधी चिडून मी म्हणायचे, "तुका तरी खंय नीट आठावता?" त्यावर तो म्हणायचा, "माका आठावता आणि तुका आठावता. तिसरो कोण आसा सांग?"

तिसरं कुणी नव्हतं. त्या चवीचे आम्ही दोघेच साक्षीदार होतो, म्हणून आम्हाला एवढी घाई होती, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हतो. शेवटच्या आजारपणात, जेवण जवळजवळ सुटलेलं असताना, एका दुपारी तो म्हणाला, "कडू व्हया गो नलू. आपण गुळात शोधलां, तां गुळात नाय." मी म्हटलं, बरा हो, मग शोधू. तो म्हणाला, "तू शोध."

गेल्या चैत्रात दादा गेला.

लोक आले, गेले. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, मला बंगळूरला चल म्हणाला; मी नको म्हटलं. मग घरात मी, मांजर आणि समुद्र. आपलं आवरून ठेवलेलं आयुष्य होतं तसं सुरू ठेवायचं म्हणून मी आंबोळीचे तांदूळ भिजत घालत राहिले. सकाळी दोन आंबोळ्या खायच्या, उरलेलं पीठ झाकून ठेवायचं, संध्याकाळी नको वाटायच्या. फ्रिजमध्ये पिठाचे डबे साठू लागले. मला वाटायचं, माझीच भूक कमी झाली आहे.

वैशाखातल्या एका सकाळी डबा बाहेरच राहिला. दुपारी झाकण काढलं तर पीठ डब्याच्या कडेपर्यंत फुगून आलेलं, वर बुडबुडे, आणि वास आंबट, पण आंबटाच्या खाली काहीतरी ओळखीचं. मी टाकून द्यायला परसात गेले आणि मोरीपाशी थांबले. हा वास मला ठाऊक होता. शाळेतून येताना वाटेवर मी जो घ्यायचे, तो वास. गूळ त्यात नव्हता, एवढाच फरक.

डबा हातात धरून मी तिथेच पायरीवर बसले. आंबोळीचं पीठ. आणि त्यात मेथी. सांबाऱ्याबरोबर मेथीचा कडवटपणा कधी कळत नाही, तिखटात तो बुडून जातो. गुळाशी गाठ घातली तर तो मागे उभा राहणारच. पण आंबोळीचं पीठ आमच्याकडे कधी उरत नसे, बाबा उरू देत नसत. मग त्या एका वर्षातच ते उरत होतं कसं? आणि तेव्हा मला तांदूळ पडल्याचा आवाज आठवला. तांदूळ, मग थोडं थांबणं, मग पुन्हा तांदूळ. आई वर्षभर बाबांची करवंटी ओतत होती. नाव घ्यायचं धैर्य नव्हतं आणि करवंटी चुकवायचंही. दर खेपेला उरायचा तो बाबांचा वाटा होता. तिला तो टाकवेना, दुसऱ्या कुणाला देववेना, म्हणून तिनं त्यात गूळ घातला आणि आम्हाला खाऊ घातला.

मी फ्रिजमधल्या डब्यांकडे पाहिलं. मीही माझ्या एकटीचे तांदूळ भिजवत नव्हते. हात आपला दोघांचं माप घेत होता.

ओव्हनला मी हात लावला नाही. गॅसवर जुनं पातेलं ठेवलं, किनाऱ्यावर जाऊन पिशवीभर वाळू आणली. निखाऱ्यांसाठी परसात करवंट्या पेटवल्या. आत्येचं ताट फळीवर होतंच. मेथी, मोहरी पुड्यांत बांधली. पिठात गूळ, नारळाचा घट्ट रस, वेलची. खळग्यांना खोबरेल. झाकण उतरवलं तेव्हा सहा गोळे तडकून वर आले होते, आणि एका खळग्यातला, इतक्या वर्षांनीही, जरासा पिवळा होता.

मी पिवळा घेतला. ओटीवर दादाच्या जागी बसले. गूळ आला, नारळ आला, वेलची आली, गेली. मग ती चव आली आणि दारात उभी राहिली.

"ह्योच तो," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मांजरानं डोळा उघडला आणि मिटला.

आता हे बरोबर आहे असं सांगणारं कुणी नाही. चुकलं असं सांगणारंही नाही. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीच्या मागे लागलो होतो ती माझ्या हाताला लागली ती दादा नाही म्हणूनच लागली. तो असता तर पीठ उरलं नसतं. त्याच्यासमोर मला हे मफीन कधीच जमले नसते. ही गोष्ट मी मनात अनेकदा उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. ती खाववत नाही आणि टाकवतही नाही.

काल भाच्याचा फोन आला होता. जेवतेस ना, काय करतेस, एकटीला कंटाळा येत नाही ना. मी म्हटलं, मफीन करते. तो खूष झाला. "ओव्हन वापरतंस मगे!" म्हणाला. मी हो म्हटलं. दादाच्या वर्षाला तो येणार आहे. वाडीवर काय ठेवायचं ते मी ठरवलेलं आहे. दादाला गोड फार आवडायचं. कावळा ते उलटंसुलटं करत बसणार नाही.

त्याला अजून अवकाश आहे. आईनं पुरं वर्ष घेतलं होतं, माझं अजून व्हायचं आहे. आज सकाळी तांदळाचा डबा उघडला, करवंटी भरली, पातेल्यात ओतली. म्हटलं, "ही माझी." मग जरा थांबले. समुद्र ऐकू येत होता. मी पुन्हा करवंटी बुडवली, काठोकाठ भरली, आणि आईला जे वर्षभर जमलं नव्हतं ते केलं, गेलेल्याचं नाव घेऊन ओतली.

"ही दादूची."